बर्फ, ट्रॅक्टर आणि आपले वर्कशॉप

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'शाळेने मला काय दिले'. माझ्या आधी बोललेल्यांनी शिस्त, वाचनाची गोडी, स्टेजवर उभे राहण्याचे धाडस अशा गोष्टी सांगितल्या. त्या मलाही मिळाल्या. पण मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ट्रॅक्टरला स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवणारे यंत्र, कसे जोडतात.

हसा, हसा. या मंडपात बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे आणि त्यातले पुष्कळ जण ट्रॅक्टर माझ्यापेक्षा चांगला चालवतात. म्हणूनच हा विषय निवडला. शेवटी मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचे आहे.

आधी कुठली गोष्ट ते सांगते. आम्ही राहतो अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, सिरॅक्यूज शहराच्या बाहेर. न्यूयॉर्क म्हटले की उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. आमच्याकडे मका, गवत आणि गाई आहेत. वायव्येला ऑन्टारिओ नावाचे प्रचंड सरोवर आहे. हिवाळ्यात कोरडा गार वारा त्या सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येतो, येताना वाफ उचलतो आणि काठ ओलांडला की ती बर्फ करून आमच्या अंगावर टाकतो. सिरॅक्यूजला एका हिवाळ्यात सरासरी ३ मीटरच्या आसपास बर्फ पडतो. आणखी उत्तरेला टग हिल नावाचे पठार आहे, तिथे तर ५ मीटरच्या पुढे जातो.

आमचे घर मोठ्या रस्त्यापासून १५० मीटर आत आहे. मधला रस्ता खडीचा, ४ मीटर रुंद, आमच्या मालकीचा. म्हणजे तो मोकळा ठेवणे हेही आमचेच काम. सरांनी शिकवलेले घनफळ आठवून हिशेब करा. एका रात्रीत ३० सेंटिमीटर बर्फ पडला तर १८० घनमीटर होतो. ताज्या भुरभुरीत बर्फाचे वजन पाण्याच्या साधारण एक दशांश धरले, तरी १८ टन. उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि त्या सकाळी सहाच्या आत हलवायच्या.

सहाच्या आत का, तेही सांगते. पाच वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते, पहाटे सहाला. केंद्र घरापासून अर्ध्या तासावर आहे. एखादी फेरी चुकली की अंगात पाणी साठते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि त्याचा घाला थेट हृदयावर पडतो. बर्फ पडला म्हणून आजचे परवा करू, असे तिथे चालत नाही.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही रस्ता साफ करायला एक कंत्राटदार लावला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याची मोठी गिऱ्हाईके आधी आणि आमची पाळी नऊ वाजता. दोनदा शेजाऱ्यांनी आम्हाला त्यांच्या गाडीतून बाहेर काढले. हे शेजारी म्हणजे दूधवाले शेतकरी, तेव्हा ८२ वर्षांचे, आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. ते म्हणाले, "तुझ्याकडे ट्रॅक्टर आहे ना? मग स्वतःचे यंत्र घे. मी जोडायला मदत करतो, पण पाना तू धरायचास." घर घेतले तेव्हाच त्याच्याबरोबर ३५ अश्वशक्तीचा एक जुना ट्रॅक्टर आला होता. उन्हाळ्यात गवत कापण्यापलीकडे मी तो वापरत नव्हते.

आता यंत्राकडे वळते. ऑक्टोबरात ते आले, लाकडी चौकटीत बांधून, अडीचशे किलोच्या आसपास वजनाचे, दीड मीटर रुंद. चौकट उघडली आणि मला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अडकवायचे, पीटीओच्या शाफ्टने फिरवायचे, मधे गियरपेटी, बाजूला साखळी. मित्रांनो, हा तुमचा रोटाव्हेटरच आहे. रोटाव्हेटर माती फिरवतो, हा बर्फ फिरवतो.

हे साम्य योगायोगाचे नाही. थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे खालचे दोन हात आणि वरचा एक, ही व्यवस्था हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने घडवली आणि १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. आपल्याकडच्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावातला फर्ग्युसन तो हाच. तेव्हापासून पिनांची मापे ठरून गेली. माझ्या यंत्राच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९ ची. पीटीओचा दांडा सहा खाचांचा, मिनिटाला ५४० फेरे. तुमच्यातल्या पुष्कळांच्या दारातल्या ट्रॅक्टरचे आकडे हेच निघतील. आणि स्नोब्लोअर बनवणारा आर्थर सिकार हा कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला शेतकरी घरातला माणूस. त्याने १९२५ साली आपले यंत्र उभे केले आणि त्याची कल्पना त्याला मळणी यंत्रावरून सुचली, असे सांगतात. म्हणजे बर्फाच्या यंत्राचे कूळसुद्धा खळ्यावरचेच.

जोडणीला आम्हाला दोन दिवस लागले. आजोबांच्या गोठ्याशेजारी सिमेंटची सपाट जमीन होती, तिथे काम मांडले. पहिल्या दिवशी यंत्र उभे केले. समोर आडवे मळसूत्र असते, ते दोन्ही बाजूंचा बर्फ मधे ओढते. त्याच्या मागे पंखा, तो बर्फ वर फेकतो. पंख्याच्या डोक्यावर वाकडे नळकांडे, त्याला मी चिमणी म्हणते. ती फिरवून बर्फ डावीकडे टाकायचा की उजवीकडे, ते ठरवायचे. चिमणी, वरची त्रिकोणी चौकट, खालच्या घसरपट्ट्या, सगळे सुटे आले होते आणि बरोबर नट-बोल्टच्या पिशव्या.

मी सगळे बोल्ट आधी बोटांनीच लावले. एकही पान्याने आवळला नाही. सगळी भोके एकमेकांसमोर आली याची खात्री झाल्यावर समोरासमोरच्या जोड्या धरून थोडे थोडे आवळले. आजोबा बघत होते. म्हणाले, "हे कुणी शिकवले?" मी म्हटले, "आमच्या टेक्निकलच्या सरांनी." सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. 'आधी हाताने, मग पान्याने' हे तुमचे वाक्य मी त्यांना इंग्रजीत करून सांगितले. तेव्हापासून ते त्यांच्या नातवंडांना तेच सांगतात. आमच्या तुकडीत टेक्निकल घेतलेल्या आम्ही चारच मुली होतो आणि 'यांना कानस झेपेल का' असे लोक विचारायचे. तुम्ही कधी विचारले नाहीत. शेगड्यापुढे उभे केलेत आणि तुकडा हातात दिलात.

मग बाकीची कामे. गियरपेटी रिकामी पाठवलेली होती, तिच्यात ८०-डब्ल्यू-९० तेल पातळीच्या बुचापर्यंत भरले. साखळीचा ताण पाहिला. प्रत्येक ग्रीस निपलला गन लावली. घसरपट्ट्या साडेतीन सेंटिमीटर खाली सोडल्या, कारण आमचा रस्ता खडीचा आहे. यंत्राचे तोंड जमिनीला टेकले तर ते बर्फाबरोबर खडीही उचलणार आणि पंखा ती गोफणीसारखी भिरकावणार. त्या दिशेला खिडकी असो, गाडी असो नाहीतर माणूस. डांबरी रस्ता असता तर पट्ट्या जवळजवळ जमिनीलगत ठेवता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी यंत्र ट्रॅक्टरला चढवले. ट्रॅक्टर हळूहळू मागे घ्यायचा, खालचे दोन्ही हात पिनांच्या उंचीवर आणायचे, इंजिन बंद, ब्रेक लावलेला. आधी डावा हात. मग उजवा, कारण त्याची उंची फिरवून कमी-जास्त करता येते. शेवटी वरचा. प्रत्येक पिनेत कडीची खीळ. यंत्र डावीउजवीकडे हेलकावू नये म्हणून बाजूच्या साखळ्या ताणल्या. मागे अडीचशे किलो लोंबले की पुढची चाके हलकी होतात, म्हणून पुढची बकेट काढली नाही, वजनाला तशीच ठेवली.

सगळ्यात नाजूक काम पीटीओच्या शाफ्टचे. तो एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो आणि कारखान्यातून मुद्दाम लांब येतो. यंत्र वर-खाली होताना ट्रॅक्टर आणि गियरपेटी यांच्यातले अंतर बदलते. अंतर सर्वांत कमी असताना शाफ्ट जास्त लांब असला तर त्याला सरकायला जागा उरत नाही. मग तो पहारीसारखा दोन्हीकडे ठोसतो आणि गियरपेटी नाहीतर ट्रॅक्टरचे बेअरिंग फोडतो. उलट जास्त कापला, तर अंतर वाढल्यावर दोन्ही नळ्या सुटून येतात आणि फिरता दांडा मोकळा होतो. म्हणून दोन्ही अर्धे वेगळे करून एक ट्रॅक्टरला आणि एक यंत्राला लावला, यंत्र सर्वांत जवळच्या स्थितीत आणले आणि अर्धे शेजारी शेजारी धरून खूण केली. टोकाला अडीच सेंटिमीटर मोकळे राहील आणि यंत्र पूर्ण खाली असतानाही निदान १५ सेंटिमीटर नळी एकमेकींत राहील, असा हिशेब केला. आमचा शाफ्ट ६ सेंटिमीटर जास्त निघाला. आजोबांनी तीन वेळा मोजायला लावले.

मग तो शेगड्यात धरला आणि हॅक्सॉने कापला. आतली नळी, बाहेरची नळी आणि त्यांच्यावरची दोन प्लास्टिकची कव्हरे, चारही सारखेच ६ सेंटिमीटर. कापलेल्या कडा कानसीने साफ केल्या. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना उचलायची. चाळीस वर्षांनी हात ते विसरले नव्हते. आत ग्रीस लावून नळ्या जुळवल्या, दोन्ही टोके खटका बसेपर्यंत ढकलली आणि बसली की नाही ते ओढून पाहिले. कव्हर शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याच्या बारीक साखळ्या दोन्हीकडे बांधल्या.

आता ज्यासाठी एवढे पुराण सांगितले, ती गोष्ट. यंत्राबरोबर एका छोट्या पिशवीत सहा साधे बोल्ट आले होते. एक मळसूत्राच्या साखळीचक्रात लावायचा, एक पीटीओच्या शाफ्टवर, बाकीचे जादा. यांना शिअर बोल्ट म्हणतात. हे तुटण्यासाठीच बनवलेले असतात. मळसूत्रात दगड, लाकूड, गोठलेला बर्फाचा गोळा अडकला, तर इंजिनाचा सगळा जोर कुठेतरी जाणारच. तो गियरपेटीत, साखळीत किंवा पंख्यात जाऊ नये म्हणून एक जागा मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. बोल्ट मधोमध कापला जातो, मळसूत्र थांबते आणि बाकीचे यंत्र वाचते.

आजोबांनी मला कोपऱ्यात पडलेल्या त्यांच्या जुन्या यंत्राची गियरपेटी दाखवली. बिडाचे अंग उभे चिरलेले. पूर्वी त्यांच्याकडे कामाला असलेल्या एका माणसाला दर दोन दिवसांनी बोल्ट बदलण्याचा कंटाळा आला. त्याने डोक्यावर सहा रेघा असलेला, म्हणजे चांगला कडक पोलादी बोल्ट ठोकून दिला. बोल्ट आजतागायत शाबूत आहे. आजोबा म्हणाले, "बोल्ट रुपयाचा, पेटी हजाराची. त्याने रुपया वाचवला."

त्याच जानेवारीत एका मंगळवारी पहाटे साडेतीनला उठले तेव्हा दारात ५० सेंटिमीटर बर्फ होता आणि उणे १५ तापमान. रात्रभर इंजिनाचा हीटर लावून ठेवला होता, त्यामुळे ट्रॅक्टर चालू झाला. डिझेल हिवाळ्याचे भरलेले होते. साधे डिझेल अशा थंडीत घट्ट होऊन फिल्टरमध्ये बसते. यंत्र मागे असल्यामुळे रस्ताभर मान वळवून उलटे जावे लागते. १५० मीटर, तीन पट्टे. शेवटचा पट्टा मोठ्या रस्त्याला लागतो तिथे सरकारी नांगराने लोटलेला बर्फाचा कठीण बांध होता आणि त्याच्या पोटात एक ओंडका. कट् असा आवाज आला. पंखा फिरत राहिला, मळसूत्र थांबले.

पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. सगळे थांबेपर्यंत बसून राहिले. मग विजेरी लावून काठीने ओंडका मोकळा केला, हाताने नाही. तुटलेले दोन तुकडे काढले, पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचा नवा बोल्ट घातला, नट आवळला. दहा मिनिटे लागली. सव्वापाचला आम्ही निघालो आणि सहाला यजमान खुर्चीवर होते. कडक बोल्ट असता, तर त्या पहाटे माझ्या यंत्राचीही पेटी चिरली असती आणि यजमानांची फेरी चुकली असती. गेल्या चार हिवाळ्यांत बर्फामुळे त्यांची एकही फेरी चुकली नाही. पुढच्या रांगेत बसले आहेत, खात्री करून घ्या.

आता तुमचे काम. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. सात सेंटिमीटर जाडीच्या दांड्याला कपड्याचे टोक अडकले, तर तो एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळतो. 'थांब' म्हणून ओरडायलाही सेकंद पुरत नाही. तिकडे मफलर असतो, इकडे पदर, उपरणे, सदऱ्याची बाही. आपण दहावीत असताना मळणीच्या दिवसांत काय झाले होते, ते इथल्या प्रत्येकाला आठवते. नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातला एक बाक रिकामा होता.

काल गावात आल्यावर मी सहज चार घरचे ट्रॅक्टर पाहिले. तीन ठिकाणी पीटीओच्या शाफ्टवर कव्हर नव्हते. ग्रीस मारताना अडचण होते म्हणून काढून ठेवलेले. एका ठिकाणी रोटाव्हेटरच्या शाफ्टवर शिअर बोल्टच्या जागी कडक बोल्ट होता. 'सारखा तुटत होता' म्हणाले. मित्रांनो, तो तुटत होता म्हणूनच पेटी टिकत होती. सारखा तुटत असेल तर कशामुळे तुटतो ते शोधायचे. रानात दगड आहेत, खोली जास्त लावली आहे, की पाते वाकले आहे?

म्हणून आज घरी गेल्यावर तीन गोष्टी पाहा. शाफ्टवर कव्हर आहे का? त्याची साखळी बांधलेली आहे का? आणि बोल्ट कंपनीने सांगितलेल्या प्रतीचाच आहे का? कव्हर सुटे विकत मिळते. आपल्या तुकडीच्या निधीत यंदा जी रक्कम जमली आहे, तिच्यातून आधी वर्गमित्रांच्या ट्रॅक्टरना कव्हरे घेऊ या, असा माझा प्रस्ताव आहे. कमी पडेल ते मी घालीन. कुणी भिडेने गप्प बसू नका. जेवणाच्या वेळी माझ्याकडे नाव द्या.

आणि सर, माझ्याजवळ या डबीत सात तुटलेले बोल्ट आहेत, चार हिवाळ्यांतले. वर्कशॉपच्या भिंतीवर एका फळीला लावा आणि मुलांनी 'हे काय' म्हणून विचारले की तुमच्या पद्धतीने समजावून सांगा. तुम्ही सांगितलेले चाळीस वर्षे टिकते, हे मी पाहिले आहे.